घुमटाखालची आग: लाकडाच्या भट्टीचा मागोवा

पाव भट्टीत शिरतो तेव्हा भट्टीत आग नसते. बेकरीच्या मागच्या खोलीत कधी न गेलेल्या माणसाला हे सांगितलं तर चटकन पटत नाही. लाकडं आधीच जळून गेलेली असतात, निखारे बाहेर ओढलेले किंवा एका कडेला सारलेले असतात, तळ ओल्या फडक्यानं पुसून काढलेला असतो. मग लांब दांड्याच्या फावड्यावरून कणकेचे गोळे आत सरकतात, दार लागतं आणि पुढचं सगळं काम विटा करतात. चुलीवर आपण ज्वाळेवरच शिजवतो. भट्टीत मात्र ज्वाळेनं आधी भिंती तापवायच्या आणि त्या भिंती जी ऊब सावकाश परत देतील तिच्यावर भाजायचं.

पुण्या-नाशिकाकडच्या, अलिबागच्या शेतघरांच्या अंगणात हल्ली मातीच्या किंवा विटांच्या घरी बांधलेल्या घुमटी भट्ट्या दिसू लागल्या आहेत. बांधणारे बहुतेक जण पिझ्झाच्या ओढीनं सुरुवात करतात आणि हळूहळू पावाकडे वळतात. मला या भट्ट्यांबद्दल मनापासून आपुलकी आहे, म्हणून त्यांची वंशावळ नीट सांगावीशी वाटते. घुमटाचा आकार दोन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. बदलत गेलं ते हे की भट्टी कोणाची, ती किती घरांची आणि तिची ऊब किती वेळ टिकते. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि आज घरच्या अंगणात भट्टी बांधणं परवडतं याचं कारणही त्या गुंत्यातच आहे.

पाव-रोटी शेतीपेक्षाही जुनी आहे. जॉर्डनमधल्या शुबायका या ठिकाणी दगडी चुलीच्या राखेत रोटीचे जळके कण सापडले. ते १४,४०० वर्षांपूर्वीचे आहेत असं संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं, म्हणजे माणूस धान्य पेरायला लागला त्याच्या सुमारे चार हजार वर्षं आधीचे. ही रोटी गरम राखेत किंवा तापल्या दगडावर भाजलेली असणार. आपल्याकडे विदर्भात रोडगे आणि खानदेशात बट्ट्या गोवऱ्यांच्या आरात भाजतात, ती रीत याच घराण्यातली. आग खाली बसली की तिच्या उबेत कणकेचा गोळा पुरायचा. भट्टीची मूळ कल्पना इथंच आहे, फक्त अजून तिला भिंती आलेल्या नाहीत.

भिंती आल्या त्या मातीच्या. तुर्कस्तानातल्या चातालह्युयुक या नवाश्मयुगीन वस्तीत घराच्या भिंतीला लागून मातीचे घुमटी ओव्हन सापडले आहेत. मेसोपोटेमियात उभ्या रांजणासारखा तंदूर होता, आणि राजस्थानातल्या कालीबंगा इथं आरंभीच्या हडप्पा काळातल्या घरांत आजच्या तंदूरशी जवळीक सांगणाऱ्या भट्ट्या मिळाल्या. इथून पुढं वंशाच्या दोन शाखा फुटतात. तंदूरमध्ये आग तळाशी राहते, रोटी भिंतीला चिकटते, दोघीही एकाच वेळी आत असतात. घुमटी भट्टीत आग आणि पाव एकाच तळावर पाळीपाळीनं येतात. तंदूरची शाखा पूर्वेकडे सरकत दख्खनपर्यंत आली. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, नान-खलिया हा मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर आला असं तिथले लोक सांगतात. घुमटाची शाखा भूमध्य समुद्राकाठी वाढली आणि आपल्याकडे पोचायला तिला समुद्रमार्ग सापडावा लागला.

मराठी मुलखात आधीपासून भट्टी का नव्हती, याचं उत्तर मला आपल्या ताटात दिसतं. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते आंबवून फुगवता येत नाही. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, पाणी लावून उलटायची आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर फुगवायची, की काम झालं. त्याला चार काटक्या पुरतात. शेकडो किलो माती तापवून मग भाजायला बसणं हे त्या पिठाला नकोच होतं. भट्ट्या आपल्याकडेही होत्या, पण त्या कुंभाराच्या आव्याच्या, भडभुंज्याच्या भाडाच्या, चुन्याच्या. जेवणाची भट्टी नव्हती, कारण तिची गरज नव्हती.

आता परत घुमटाच्या शाखेकडे, इटलीतल्या पाँपेईला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा या मध्यम आकाराच्या गावात तीसहून अधिक बेकऱ्या होत्या. त्यातल्या एका बेकरीची भट्टी १८६२ च्या सुमारास उकरली गेली, तेव्हा आत कोळसा झालेले ८१ पाव जसेच्या तसे होते: गोल, वरून आठ फाकांच्या खुणा पाडलेले. शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये एका पावावर तो बनवणाऱ्या गुलामाचं नाव ठशानं उमटवलेलं मिळालं, सेलर, क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम. ही भट्टी बघितली तर आजचा कोणताही बेकर तिच्यापुढं उभा राहून काम सुरू करू शकेल: विटांचा घुमट, सपाट तळ, पुढं बुटकं कमानदार तोंड. पण भट्टीपाशी थांबून चालत नाही. २०२३ मध्ये पाँपेईतच आणखी एक बेकरी उघड झाली, आणि तिथं गाढवं आणि गुलाम माणसं एकत्र कोंडून त्यांच्याकडून लाव्हाच्या दगडाची जाती फिरवून घेत असत असं दिसलं. खिडक्या लहान, उंचावर आणि गजांच्या. घुमटाचं कौतुक करताना त्याच्यामागची ही खोली विसरता कामा नये, असं मला वाटतं.

रोममध्ये पोर्ता माज्जोरे या वेशीजवळ मार्कस व्हर्जिलियस युरिसॅकेस नावाच्या बेकरचं थडगं आजही उभं आहे. इसवी सनापूर्वी साधारण ३० च्या सुमाराचं. पुढच्या काळात त्याच्यावर बुरूज बांधला गेला आणि तो १८३८ मध्ये पाडला तेव्हा थडगं पुन्हा दिसू लागलं. वरच्या पट्टीवर सगळा कारखाना कोरलेला आहे: धान्य मोजणं, दळणं, चाळणं, जनावराकडून फिरवून घेतलेलं कणीक तिंबायचं यंत्र, लांब मेजांवर पाव वळणारी माणसं, आणि एक माणूस लांब दांड्याचं फावडं घेऊन घुमटी भट्टीत पाव सारताना. हा बेकर बहुधा गुलामीतून सुटलेला होता, आणि मृत्यूनंतर लोकांना दाखवावीशी त्याला वाटलेली गोष्ट होती ती त्याची भट्टी. प्लिनीच्या नोंदीनुसार रोममध्ये व्यावसायिक बेकर आले ते पर्सियस राजाशी झालेल्या युद्धाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. त्याआधी पाव घरच्या बायका करत. म्हणजे भट्टी घरातून बाहेर पडली आणि धंदा झाली, हा बदल रोमनं नोंदवून ठेवला आहे.

रोम मागं पडल्यावर युरोपातल्या पुष्कळ गावांत भट्टी सरदाराची झाली. फ्रान्समध्ये कुळांनी आपली कणीक सरदाराच्या भट्टीतच भाजून घ्यायची आणि त्याबद्दल पावाचा किंवा पैशाचा हिस्सा द्यायचा असा कायदेशीर हक्क होता. ही जुलमाची गोष्ट होती, यात शंका नाही. तरी तिच्या पोटात एक खरं कारणही होतं: भट्टी तापवायला इतकं लाकूड लागतं की दर घरी वेगळी भट्टी म्हणजे रान साफ. शिवाय आगीची भीती. १६६६ मध्ये लंडनचा मोठा भाग जाळणारी आग पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीतून सुटली होती. फ्रान्समधला सरदारी भट्टीचा हक्क राज्यक्रांतीनं संपवला; १७९३ पर्यंत असे सगळे हक्क भरपाईशिवाय रद्द झाले. भट्टी सामाईक असणं मात्र सगळीकडे जुलूम नव्हतं. मोरोक्कोच्या जुन्या शहरांत आजही मोहल्ल्याची भट्टी असते, घरोघरची पोरं डोक्यावर फळी घेऊन कणीक पोचवतात आणि भट्टीवाला कोणता पाव कोणत्या घरचा हे ओळखतो.

सरदारी भट्टीचा हाच फ्रेंच कायदा अटलांटिक ओलांडून कॅनडात क्वेबेकला गेला आणि तिथं लटका पडला. वस्त्या नदीकाठानं लांबच लांब पसरलेल्या, थंडी भयंकर. कणीक सरदाराच्या भट्टीपर्यंत न्यायची तर वाटेत गोठणार. मग शेतकऱ्यांनी आपापल्या घराजवळ भट्ट्या बांधल्या. दगडी किंवा लाकडी चौथरा, त्यावर वाकवलेल्या फांद्यांचा सांगाडा, त्यावर गवत मिसळलेल्या चिकणमातीचा जाड थर. पहिली आग पेटली की फांद्या जळून जात आणि घुमट उभा राही. लाकूड तिथं मुबलक होतं, म्हणून भट्टी घरची होऊ शकली. लीझ बॉइली आणि झाँ-फ्रान्स्वा ब्लाँशेट या दोघांनी या भट्ट्यांचा पाहणी-अभ्यास करून १९७९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि आज जगभर घरी भट्टी बांधणारे लोक जो एक आकडा पाठ म्हणतात तो त्यातूनच आला: दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के. शिक्षण न झालेल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानं ठरवलेलं हे प्रमाण आहे. त्याचं कारण पुढं येईलच.

आपल्या किनाऱ्यावर ही भट्टी पोर्तुगीजांबरोबर आली. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं. गहू, पाव आणि चर्चमधली प्रार्थना हे त्यांच्यासाठी एकमेकांना जोडलेलं होतं, त्यामुळे बेकर हवेच होते. जेझुइट पाद्र्यांनी साष्टीतल्या ख्रिस्ती कुटुंबांना हे काम शिकवलं आणि सुरुवात माजोर्ड्यापासून झाली, अशी गोव्यात परंपरा सांगतात. खमीर मिळेना म्हणून माडाची सूर वापरली गेली, आणि तिथून गोव्याच्या पावाला स्वतःचा वास आला. पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, भट्टीतून आजही उंडे, कातऱ्यांचो पाव, कोंड्याची पोई, काकणां बाहेर पडतात. ही भट्टी अजिबात शोभिवंत नसते. बाहेरून चिऱ्याचा किंवा मातीचा चौकोनी ठोकळा दिसतो, वर कौलं, पुढं काळवंडलेलं तोंड. घुमट आत दडलेला. पोदेर रात्री कामाला लागतो, कारण गावाला पाव पहाटे हवा असतो, आणि सायकलच्या भोंग्याचा आवाज ऐकू येईपर्यंत भट्टीची मोठी ऊब वापरून संपलेली असते.

मुंबईत पाव आला तो गोवेकर बेकरांबरोबर, मग इराणी आले, पुढं उत्तर प्रदेशातले कारागीर आले. आणि मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात या भट्टीला एक जागा आहे, जिची आठवण फारशी कोणी काढत नाही. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांच्या पुढाकारानं मुंबईत परमहंस सभा गुप्तपणे सुरू झाली. जातिभेद मोडायचा हे तिचं ब्रीद. सभासद होताना ख्रिस्ती बेकरनं केलेला पाव खावा लागे आणि मुसलमानानं आणलेलं पाणी प्यावं लागे. भट्टीतून आलेला पाव खाल्ला की जात गेली, असं समाज मानत होता. म्हणून तोच पाव सुधारकांनी दीक्षेसाठी निवडला. दहाएक वर्षांनी सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा मोडली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांसह कित्येकांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं गेलं, तेही याच धाकाचं पुढचं पाऊल. आज वडा-पाव खाताना हे कोणाच्या मनातही येत नाही, आणि याचं श्रेय त्या पहिल्या घासांना द्यायला हवं.

यानंतर भट्टी आपल्याही घरची झाली, पण वेगळ्या वाटेनं. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात घरून रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीवर न्यायची आणि नानकटाई, बिस्किटं भाजून आणायची, ही रीत महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी पाहिली आहे. नानकटाई स्वतः सुरतेहून आली. तिथल्या डच भट्टीचा वारसा दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे गेला, असा तिचा इतिहास सांगतात. बेकरीवाल्याचा सकाळचा पाव निघाल्यावर भट्टी मंदावलेली असते, आणि नानकटाईला नेमकी तशीच मंद आच लागते. त्याची उरलेली ऊब आपल्या घरच्या डब्याला मिळत होती. भट्टी दारात नसली तरी तिच्यावर हक्क होता. मला वाटतं, सामाईक भट्टीचं इतकं सोपं आणि सौजन्याचं रूप फार थोड्या ठिकाणी टिकलं असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शहरांतल्या मोठ्या बेकऱ्यांत आग घुमटाबाहेर गेली: वाफेच्या बंद नळ्यांची भट्टी, मग गॅस, मग वीज. तो इतिहास मोठा असला तरी इथं थांबण्याचं कारण नाही. थांबावं ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या भागात कॅलिफोर्नियात. बर्कलीतल्या शे पनीस या उपाहारगृहाच्या कॅफेत १९८० मध्ये लाकडावरचा पिझ्झा ओव्हन लागला आणि अमेरिकी लोकांना पुन्हा एकदा तो वास कळला. त्याच परिसरात ॲलन स्कॉट नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला लोहार विटांच्या भट्ट्या बांधू लागला. पहिली भट्टी त्यानं गव्हाच्या पावावर लिहिणाऱ्या लॉरेल रॉबर्टसनसाठी बांधली. डॅनिएल विंगबरोबर त्यानं लिहिलेलं पुस्तक १९९९ मध्ये निघालं आणि जगभरच्या अंगणांत भट्ट्या उभ्या राहू लागल्या. त्याच सुमारास कीको डेन्झर यानं मातीच्या भट्टीची सोपी रीत लिहून काढली. स्कॉटची भट्टी जड होती: विटांची कमान, तिच्यावर काँक्रीटचा थर. एकदा तापली की घाणेच्या घाणे पाव. पण आठवड्यातून एकदा चार पाव करणाऱ्या घराला एवढा मोठा साठा तापवणं परवडत नाही. तिथून पुढच्या बांधणाऱ्यांनी साठा पातळ केला आणि त्याच्याभोवती ऊब अडवणारा थर जाड केला. माझ्या मते घुमटी भट्टीच्या दोन हजार वर्षांतला हाच एक खरा नवा बदल आहे.

हिशेब करून पाहिला की तो किती मोठा आहे हे कळतं. आतून ९० सेंटिमीटर व्यासाचा घुमट घेऊ. फायरब्रिक, म्हणजे २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरची भाजीव वीट, अर्धी कापून ११५ मिलिमीटर जाडीत लावली आणि तळ ७५ मिलिमीटरचा केला तर सगळं मिळून सुमारे ४०० किलो भरतं. हे वजन ३० अंशांपासून ३०० अंशांपर्यंत तापवायला साधारण १०० मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडातून किलोमागं १५ मेगाज्यूल मिळतात, म्हणजे कागदावर सात किलो लाकूड. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त उष्णता धुराबरोबर जाते, म्हणून त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. आता याच घुमटाबाहेर नुसता विटांचा आणखी एक थर चढवला, तर तोही तापवावा लागेल. दाट विटेत ऊब तासाला इंचभर आत सरकते, हा बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे; जाड भिंत ही ऊब गिळत राहते. उलट त्याच जागी सिरॅमिक वूल, पर्लाइट किंवा व्हर्मिक्युलाइट मिसळलेला हलका थर दिला, तर ऊब आतल्या विटांतच अडते. यातला हलकेपणा म्हणजे अडकलेली हवा. कोकणात भाताच्या तुसाची राख याच कामाला उत्तम, आणि ती फुकट मिळते. दक्षिण अमेरिकेत तळाखाली फुटकी काच आणि जाडं मीठ घालण्याची जुनी रीत आहे. तिथं गुण आहे तो काचेचा कमी, तुकड्यांमधल्या पोकळीचा जास्त. तळाखालचा थर कोणीही विसरू नये. वरच्या घुमटाला लोक शाल पांघरतात आणि खालून ऊब जमिनीत वाहून जाते, मग पावाचा तळ पांढरा राहतो.

दाराकडे परत येऊ. अशा भट्टीला घुमटात धुराडं नसतं, असता कामा नये. आगीला लागणारी हवा दाराच्या खालच्या अर्ध्यातून आत जाते आणि धूर वरच्या अर्ध्यातून बाहेर येतो. धुराडं बांधायचं तर ते घुमटाच्या पुढं, दाराच्या बाहेरच्या पडवीवर. दार घुमटाइतकंच उंच केलं तर गरम हवा छताला न लागता थेट निसटते. फार बुटकं केलं तर धूर आणि हवा एकमेकांच्या वाटेत येतात आणि आग गुदमरते. म्हणून आत ४० सेंटिमीटर उंची असेल तर दार २५ सेंटिमीटर. क्वेबेकच्या शेतकऱ्यांचा ६३ टक्के तो हा.

मातीची भट्टी बांधताना मी सगळ्यात जवळून पाहिली ती कोकणात. चिऱ्याच्या चौथऱ्यावर तळाच्या विटा बसवल्या होत्या, वाळू ओली करून त्यांच्यावर घुमटाच्या आकाराचा ढीग लावला होता. ढिगावर ओल्या वर्तमानपत्राचा पापुद्रा. मग एक भाग चिकणमाती आणि दोन-अडीच भाग धारदार रेती पायानं तुडवून केलेला गारा, हातानं दाबत दाबत चार बोटं जाडीनं चढत गेला. गाऱ्याचा गोळा छातीइतक्या उंचीवरून टाकून तो फुटतो का पसरतो हे गवंडी आधी बघायचा. फुटला तर पाणी कमी, पसरला तर जास्त. माती रेतीपेक्षा जास्त झाली तर वाळताना तडे जातात, म्हणून त्याचा हात रेतीकडे झुकलेला. तोंड कापून वाळू उकरायला घेतली तेव्हा आत हात घालून तो थांबला, वर्तमानपत्राचा कागद बोटांना लागेपर्यंतच उकरायचं, पुढं नाही. वाळू सगळी निघाली आणि घुमट स्वतःच्या जोरावर उभा राहिला. त्यावर मग मातीत भाताचं तूस कालवून हलका थर, आणि शेवटी चुन्याचा गिलावा, कारण कोकणातला पाऊस मातीला सोडत नाही. वर कौलारू छप्पर हवंच.

पहिली मोठी आग लगेच लावायची नाही. माती-विटांत पाणी दडलेलं असतं. वाफ झाली की ते सतराशेपट फुगतं आणि वाट मिळाली नाही तर घुमट फोडतं. कित्येक दिवस आधी उन्हात वाळवून, मग काटक्यांच्या छोट्या आगींनी ते हळूहळू काढावं लागतं. भट्टी तयार झाली की तिचं तापणं डोळ्यांनी वाचता येतं. पेटल्यावर घुमट आतून काजळीनं काळा होतो. विटांचा आतला पृष्ठभाग साधारण ३५० अंशांच्या वर गेला की काजळीच जळून जाते आणि माथ्यापासून पांढरेपण खाली उतरत येतं. ते पांढरेपण तळापर्यंत पोचलं की विटांना आणखी आग नको. निखारे ओढून घेतले की तळावर चिमूटभर पीठ टाकतात. लगेच काळं पडलं तर थांबा, मिनिटभरात बदामी झालं तर पाव घाला.

लाकडाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. मुंबईतल्या कित्येक बेकऱ्यांत वर्षानुवर्षं पाडलेल्या घरांचं, मोडक्या फर्निचरचं लाकूड जळत आलं. रंग, प्लायचा डिंक, वॉर्निश, सगळं त्यात. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. गच्च वस्तीच्या शहरात हा निर्णय मला रास्त वाटतो. बेकरांना लागणारा खर्च आणि वेळ याची सोय त्याच्याबरोबर व्हायला हवी, नाहीतर छोटा पाववालाच यात संपेल. पण घुमटाला इंधनाशी देणंघेणं नाही. विटा कशानंही तापल्या तरी ऊब तशीच परत देतात. शहराबाहेर घरी बांधणाऱ्यावरही जबाबदारी तीच: रंगवलेलं, प्लायचं, केमिकल लावलेलं लाकूड भट्टीत कधी घालायचं नाही, आणि ओलं तर मुळीच नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असतं. ते उडवण्यातच आग दमते आणि शेजाऱ्याच्या खिडकीत धूर जातो. बाभूळ, चिंच, सुबाभूळ, आंबा, जे मिळेल ते फोडून वर्षभर उन्हात-सावलीत वाळवलेलं हवं.

आणि एकदा तापलेली भट्टी एका पदार्थासाठी वाया घालवू नये. ज्वाळा असताना, ४०० अंशांवर, पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात. निखारे काढून घुमट तासभर निवांत ठेवला की ऊब सगळीकडे सारखी होते, तेव्हा पाव. पाव निघाले की नानकटाई आणि खारी. त्यानंतर झाकण लावलेल्या मातीच्या हंडीत वाल, मसूर किंवा मटण रात्रभर. सकाळी हात आत घालता येईल इतकी ऊब उरते, तिच्यात कोकमाची सालं किंवा खोबरं वाळतं. सगळ्यात शेवटी, आत एकही ठिणगी नाही याची खात्री करून, दार किलकिलं ठेवून पुढच्या वेळेची लाकडं रचायची. उरल्यासुरल्या उबेत ती आणखी वाळतात आणि पुढच्या पेटवणीला धूर कमी होतो.